पंगत की थाळी? सिम्युलेशनमधल्या ऑब्जेक्टची उलटतपासणी

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका विद्यार्थ्यानं मला गाठलं. वहीत एक चौकट काढून आणली होती. चौकटीत वर लिहिलं होतं 'कण'. खाली स्थान, वेग, वस्तुमान, विद्युतभार. त्याच्याही खाली दोन क्रिया: 'बल काढ' आणि 'पुढे सरक'. म्हणाला, "मॅडम, हा क्लास बरोबर आहे ना? की सरळ अ‍ॅरे घेऊ?" मी घाईत होते. "अ‍ॅरे घे," म्हणाले. तो मान डोलावून गेला.

घरी जाताना लक्षात आलं की आपण त्याला निम्मंच उत्तर दिलंय. आणि निम्मं उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त त्रास देतं, कारण ते काही दिवस चालून जातं. आजचं व्याख्यान त्या उरलेल्या निम्म्याबद्दल आहे. याला मी समीक्षा म्हणते. कविता-कादंबरीची होते तशीच प्रोग्रॅमच्या रचनेचीही समीक्षा व्हायला हवी. तो चालतो की नाही एवढंच न बघता, तो असा का लिहिला, आणि या लिहिण्यामुळे काय दिसेनासं झालं, हे विचारायला हवं.

चौकटीतला कण

आधी त्या चौकटीची बाजू घेते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत शिकवताना आपण काय सांगतो? जगात जे नाम दिसेल त्याचा क्लास करा. नामाची माहिती आत, नामाच्या क्रियाही आत, बाहेरच्यानं आत हात घालायचा नाही. उदाहरणं कोणती देतो? बँकेचं खातं, ग्रंथालयातलं पुस्तक, कॉलेजातला विद्यार्थी. ही उदाहरणं पटतात, कारण तिथं खरोखरच एका वेळी एकाच खात्यावर काम चालतं. तुम्ही पैसे काढता तेव्हा शेजाऱ्याच्या खात्याशी बँकेला देणंघेणं नसतं.

हेच शिकलेला मुलगा मग भौतिकशास्त्राच्या प्रश्नाकडे येतो. कण हे नाम आहे, म्हणून कणाचा क्लास. आणि तो लिहायला इतका छान वाटतो की शंकाच येत नाही. दहा कणांवर चालवला, पडद्यावर ठिपके हलले, झालं समाधान. मग एके दिवशी दहाचे दहा लाख कण होतात, आणि संध्याकाळी लावलेला प्रोग्रॅम सकाळी बघावा तर टक्काभरच पुढे सरकलेला असतो.

इथं बहुतेक जण म्हणतात, ऑब्जेक्ट मंद असतात, सोडून द्या. मला हा निकाल घाईचा वाटतो. आपण जरा मागे जाऊ.

नॉर्वेतली गोष्ट

गंमत अशी की ऑब्जेक्ट ही कल्पना जन्मालाच आली ती सिम्युलेशनसाठी. ओस्लोमधल्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये उले-योहान डाल आणि क्रिस्टन न्युगोर या दोघांनी सिम्युला नावाची भाषा केली. नावातच सिम्युलेशन आहे. क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, व्हर्च्युअल फंक्शन हा सगळा संसार सिम्युला ६७ मध्ये मांडलेला आहे. त्याबद्दल २००१ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

मग आपल्याच घरात ऑब्जेक्ट परका कसा झाला? कारण 'सिम्युलेशन' या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं आहेत. डाल आणि न्युगोर यांच्यासमोर होतं रांगांचं जग. बंदरात जहाज येतं, धक्का रिकामा होईपर्यंत थांबतं, माल उतरवतं, जातं. पोस्टाच्या खिडकीवर माणूस येतो, थांबतो, जातो. इथं प्रत्येक जहाजाची स्वतःची कहाणी आहे. पुढची घटना कुठल्या जहाजाची असेल हे आधी सांगता येत नाही. असल्या जगाला ऑब्जेक्ट अगदी अंगासरशी बसतो.

दुसरं काम म्हणजे हवेचा प्रवाह, उष्णता, प्लाझ्मा, दीर्घिकांचे गुच्छ. इथं दहा लाख कणांची कहाणी एकच आहे. सगळ्यांना एकच समीकरण, सगळ्यांना एकाच वेळी, आणि तेच लाखो वेळा. इथल्या कणाला स्वतःचं चरित्र नसतं. त्याला फक्त क्रमांक असतो.

या दोन कामांमधली फट एका माणसाला फार लवकर बोचली होती. ब्यार्न स्ट्रोस्ट्रुप केंब्रिजला पीएचडी करत असताना त्यानं सिम्युलामध्ये एक सिम्युलेशन लिहिलं. लिहायला सुंदर, चालवायला असह्य मंद. शेवटी त्यानं सगळं बीसीपीएल या अगदी खालच्या पातळीच्या भाषेत पुन्हा लिहून काढलं. तो अनुभव घेऊन १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यानं जे सुरू केलं त्याची पुढे सी प्लस प्लस झाली. म्हणजे आपण आज जो वाद घालतोय, तो या भाषेच्या जन्मकथेतच आहे.

पंगत

आता मंदपणा येतो कुठून, हे नीट बघू. गुणाकार-बेरजेला वेळ लागतो असं आपण धरून चालतो. पण आजच्या प्रोसेसरला गुणाकार स्वस्त आहे. महाग आहे तो आकडा मेमरीतून आणणं. अगदी जवळच्या कॅशेतून आकडा यायला चार-पाच ठोके लागतात. मुख्य मेमरीतून यायला साधारण १०० नॅनोसेकंद, म्हणजे तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ३०० ठोके. आणि मेमरी सुटा आकडा देतच नाही. आपल्या नेहमीच्या प्रोसेसरांत ती एका वेळी ६४ बाइटचा एक पट्टा पाठवते. एक दशांश आकडा ८ बाइटचा, म्हणजे एका पट्ट्यात ८ आकडे.

आता आपला कण घ्या. स्थानाचे तीन आकडे, वेगाचे तीन, वस्तुमान, विद्युतभार. आठ आकडे, बरोबर ६४ बाइट. दहा लाख कण म्हणजे ६ कोटी ४० लाख बाइट. समजा मला फक्त एवढंच हवंय की कण एक्स दिशेला कसे पसरलेत. मला हवा प्रत्येकाचा एकच आकडा, ८ बाइट. पण कणांचे ऑब्जेक्ट एकापुढे एक मांडले असतील, तर प्रत्येक पट्ट्यातला एक आकडा वापरून मी सात टाकून देते. आणायचं ६४, वापरायचं ८. तेच सगळे एक्स एका अ‍ॅरेत, सगळे वाय दुसऱ्या अ‍ॅरेत ठेवले, तर आलेला प्रत्येक बाइट कामाचा.

पंगत आठवा. मीठ वाढणारा एका टोकाकडून निघतो आणि प्रत्येक पानावर चिमूट सोडत दुसऱ्या टोकाला पोचतो. त्याच्यामागे लिंबू, त्याच्यामागे वरण. एकच पदार्थ, सगळी पानं, हाताला एक लय. आता दुसरी पद्धत बघा. प्रत्येकाची भरलेली थाळी स्वयंपाकघरातून बाहेर आणायची, चिमूटभर मीठ घालायचं, थाळी परत आत ठेवायची, मग पुढची. दहा लाख पाहुण्यांना असं मीठ वाढायचं! (हशा) तुम्ही हसता, पण आपला प्रोग्रॅम रात्रभर तेच करत बसलेला असतो.

याहून वाईट म्हणजे प्रत्येक थाळी वेगळ्या घरात. ऑब्जेक्ट एकेक करून सुटे निर्माण केले आणि त्यांच्या पत्त्यांची यादी ठेवली, की दर कणागणिक नवा पत्ता शोधत जायचं. अगदी वाईट परिस्थितीत दर कणाला ते १०० नॅनोसेकंद धरा. दहा लाख कण म्हणजे एका फेरीला सेकंदाचा दहावा भाग. तेच ६ कोटी ४० लाख बाइट सलग ओढले, सेकंदाला १० अब्ज बाइट या वेगानं, तर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत काम होतं. पंधरापट फरक, आणि यात गणिताचा एक शब्दही बदललेला नाही.

व्हर्च्युअल फंक्शनचंही असंच. प्रत्येक कणाला आधी विचारायचं, "तू कोण? इलेक्ट्रॉन की आयन? मग तुझं सरकण्याचं फंक्शन कुठलं?" उत्तर मिळेपर्यंत कंपायलरला पुढचं काही दिसत नाही. त्यामुळे तो फंक्शन उलगडून लूपमध्ये बसवू शकत नाही, आणि आठ कणांचं काम एका सूचनेत करण्याची सोय वाया जाते. शिवाय सी प्लस प्लसमध्ये अशा प्रत्येक ऑब्जेक्टला ८ बाइटचा एक छुपा पॉइंटर चिकटतो. ६४ चे ७२ झाले. आता आपला कण एका पट्ट्यात मावतसुद्धा नाही.

आठ-आठचं हे एकत्र काम आजचं नाही. १९७६ च्या क्रे-१ या महासंगणकात ६४ आकड्यांचे व्हेक्टर रजिस्टर होते. पंगत बसवलीत तरच तो यंत्रराज प्रसन्न व्हायचा. आणि १९५७ मध्ये आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटानं फोर्ट्रान दिली, ती तर अ‍ॅरेचीच भाषा. तिची एक बाजू फारशी बोलली जात नाही. फोर्ट्रानमध्ये फंक्शनला दिलेले दोन अ‍ॅरे मेमरीत एकमेकांवर चढलेले नाहीत, असं धरून बदल करायची मुभा कंपायलरला असते. सी भाषेत हे वचन प्रोग्रॅमरला वेगळं द्यावं लागतं, आणि त्यासाठीचा 'रिस्ट्रिक्ट' हा शब्द प्रमाण भाषेत १९९९ मध्ये आला. म्हातारी फोर्ट्रान अजून धावते, त्यात या वचनाचा वाटा मोठा आहे.

अ‍ॅरेवाल्यांचाही हिशेब

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग झालं की, अ‍ॅरे जिंकले. त्या विद्यार्थ्यालाही मी हेच सांगितलं होतं. आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

काही वर्षांपूर्वी मी कणांचा एक प्रोग्रॅम लिहिला. कडक अ‍ॅरेवाला. एक्स, वाय, झेड, तिन्ही वेग, सगळे सुटे अ‍ॅरे. जवळचे कण मेमरीतही जवळ यावेत म्हणून दर काही पावलांनी कणांचा क्रम लावायचा. क्रम लावणारं फंक्शन त्या सहा अ‍ॅरेंना एकाच क्रमानं हलवायचं. वेगवान, सुटसुटीत. मला अभिमान होता त्याचा.

पुढे जड कण आले, म्हणून वस्तुमानाचा सातवा अ‍ॅरे आला. आणि क्रम लावणाऱ्या फंक्शनमध्ये तो घालायचा मी विसरले.

काय झालं असेल? प्रोग्रॅम कोसळला नाही. कणांची संख्या बरोबर. एकूण वस्तुमानही बरोबर, कारण आकडे तेच, फक्त मालक बदललेले. माझ्या जुन्या चाचण्यांत सगळी वस्तुमानं सारखीच होती, त्यामुळे त्या सगळ्या हिरव्या. तीन महिने एक विद्यार्थिनी त्यातून आलेख काढत होती. एक दिवस ती म्हणाली, "मॅडम, जड कण हलक्यांसारखे का पळताहेत?" मी आधी तिलाच समजवायला गेले, भौतिकशास्त्रातलं काहीतरी कारण देऊन. दोन दिवसांनी चूक सापडली. परिषदेला पाठवलेला गोषवारा आम्ही मागे घेतला. तिचे तीन महिने परत आणता आले नाहीत.

ही चूक त्या विद्यार्थ्याच्या चौकटीत होऊच शकली नसती. कण हलला की त्याचं वस्तुमान त्याच्याबरोबर हललंच असतं. वेगवान लिहिलं होतं, खरं. पण सात अ‍ॅरेंचा क्रम कायम एकच असला पाहिजे, हा नियम माझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेही लिहिलेला नव्हता. तो फक्त माझ्या डोक्यात होता, आणि डोकं विसरतं.

तर ऑब्जेक्टचं खरं काम कुठलं? ऑब्जेक्ट म्हणजे जगातल्या वस्तूचं चित्र, असं आपण शिकवतो. माझा आक्षेप या शिकवणीला आहे. ऑब्जेक्ट म्हणजे एका नियमाचा राखणदार. आत हात घालू न देण्याची सगळी कटकट आपण कशासाठी करतो? एखादा नियम मोडू नये म्हणून. सुट्या कणापाशी राखण्यासारखा असा कुठला नियम आहे? वेग काहीही असू शकतो, स्थान काहीही. राखायचा नियम आहे तो समूहाचा: सगळ्या रांगा एका क्रमात. म्हणजे क्लास हवाच. पण कणाचा नको, कणांचा हवा.

मराठीत एक सापळा आहे बघा. एक कण, दहा लाख कण. आपल्याकडे 'कण'चं अनेकवचन 'कण'च. बोलताना चालतं. प्रोग्रॅममध्ये मात्र एकवचन लिहिलं की अनेकवचन, यावर रात्र जाते की मिनिटं, हे ठरतं.

चालत्या प्रोग्रॅममध्ये डोकावून

हे केवळ माझं मत नाही. जे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं टिकले, त्यांच्यात डोकावून बघू.

पहिला लॅम्प्स. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचा, अणू-रेणूंच्या हालचालींसाठी जगभर वापरला जाणारा. आधी फोर्ट्रानमध्ये होता, सी प्लस प्लसमधली आवृत्ती २००४ ची. त्यात अणू नावाचा क्लास आहे. पण आत बघितलंत तर तो एका अणूचा नाहीच. आत स्थानांचा अ‍ॅरे, वेगांचा अ‍ॅरे, बलांचा अ‍ॅरे, सगळ्या अणूंचे. नाव एकवचनी, काम अनेकवचनी. अणूंमधल्या बलांचे प्रकार मात्र वेगवेगळे क्लास आहेत, इनहेरिटन्स आहे, व्हर्च्युअल फंक्शन आहे. फक्त ते फंक्शन प्रत्येक अणूला विचारत बसत नाही. काळाच्या एका पावलाला एकदाच हाक मारली जाते, आणि सगळ्या अणूंचा लूप त्याच्या आत असतो. "कोण आहेस?" हा प्रश्न दहा लाख वेळा विचारण्याऐवजी एकदा. त्यामुळे मंदपणा जवळपास शून्य, आणि नवं बल घालायचं तर नवी फाइल लिहायची, जुन्याला हात लावायचा नाही. व्हर्च्युअल फंक्शन वाईट नव्हतं. त्याची जागा चुकली होती.

एक बारकावा. लॅम्प्समध्ये एका अणूचे एक्स, वाय, झेड हे तीन आकडे मात्र शेजारी-शेजारी असतात. का? दोन अणूंमधलं बल काढताना अंतर लागतं, अंतराला तिन्ही लागतात, आणि शेजारी अणू मेमरीत कुठेही असू शकतो. तिथं तीन ठिकाणी धावण्यापेक्षा एका ठिकाणी गेलेलं बरं. म्हणजे 'प्रत्येक आकड्याला वेगळा अ‍ॅरे' हाही मंत्र म्हणून जपायचा नाही. जे एकत्र वापरलं जातं ते एकत्र ठेवायचं, एवढंच.

दुसरा गॅजेट. फोल्कर स्प्रिंगेल यांचा, विश्वातल्या वस्तुमानाच्या जाळ्याचं सिम्युलेशन करणारा. गॅजेट-२ साध्या सी भाषेत आहे, आणि त्यात चक्क कणाची एक चौकट आहे: स्थान, वेग, वस्तुमान एकत्र, आणि अशा चौकटींचा एक सलग अ‍ॅरे. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या जवळ जाणारं. ते का चालतं? कारण इथं कण सतत एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे पाठवावे लागतात आणि त्यांचा क्रम लावावा लागतो, आणि त्या वेळी संपूर्ण कण एका गठ्ठ्यात हवा असतो. पण वायूच्या कणांना लागणारी जादा माहिती त्यांनी वेगळ्या अ‍ॅरेत काढली आहे. ज्याला ती लागत नाही, त्यानं तिचं ओझं का वाहायचं? माझी ती वस्तुमानाची चूक अशा रचनेत झाली नसती, हे कबूल करते.

तिसरा ओपनफोम. द्रवगतीसाठी, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जन्मलेला, २००४ पासून मुक्त स्रोत. याच्यात ऑब्जेक्ट भरभरून आहेत. पण ऑब्जेक्ट कशाचे? वेगाचं क्षेत्र हा एक ऑब्जेक्ट, दाबाचं क्षेत्र हा एक ऑब्जेक्ट. जाळीतल्या प्रत्येक खोलीचा ऑब्जेक्ट नाही. परिणाम असा की समीकरण वहीत लिहितो जवळपास तसंच प्रोग्रॅममध्ये दिसतं. आत मात्र साध्या याद्या: कुठल्या भिंतीच्या अलीकडे कुठली खोली, पलीकडे कुठली. वाचणाऱ्याला गणित दिसतं, यंत्राला रांगा दिसतात. रचना म्हणून मला ही सगळ्यात देखणी वाटते. तिची किंमतही आहे. आतलं काही बिघडलं तर टेम्प्लेटच्या इतक्या पडद्यांमागे जावं लागतं की नवखा माणूस वाटेतच हरवतो.

चौथा जिआंट-४, कणभौतिकीचा, सर्नशी जोडलेला. जुना जिआंट-३ फोर्ट्रानमध्ये. नवा सी प्लस प्लसमध्ये, १९९८ अखेरीस आला. इथं एक-एक कण शोधकयंत्रातून जातो. कुणी शिशात थांबतं, कुणी फुटून चार नवे कण होतात, कुणी सरळ निघून जातं. हे जहाजांचं बंदर आहे, प्रत्येकाची कहाणी वेगळी. इथं ऑब्जेक्ट शोभतात. पुढे जिआंट-व्ही नावाच्या प्रयोगात या कणांचीही पंगत बसवून पाहिली. वेग वाढला, पण आशेइतका नाही. कारण उघड आहे. पंगतीत प्रत्येकाचं पथ्य वेगळं असेल, तर वाढप्याची लय मोडते. तेव्हा अ‍ॅरे हे औषधसुद्धा प्रत्येक रोगाला नाही.

मग करायचं काय

आता आपल्या अंगणात येते. पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. पाषाणच्या आयआयटीएममध्ये २०१८ पासून प्रत्यूष चालला. या शहरातली मुलं जे मॉन्सूनचे प्रोग्रॅम हाताळतात, ते बहुतांशी फोर्ट्रानचे आहेत, अ‍ॅरेचे आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण निवृत्त झालेत. त्या अ‍ॅरेंमधले अलिखित नियम कुणाच्या डोक्यात आहेत, हा प्रश्न मला वेगाच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो.

शिवाय यंत्रं बदलतात. उघडे अ‍ॅरे प्रोग्रॅमभर पसरलेले असले, की त्यांची मांडणीही प्रोग्रॅमभर गोठते. हवामानाच्या डब्ल्यूआरएफमध्ये निर्देशांकांचा क्रम असा आहे: एक आडवी दिशा, मग उंची, मग दुसरी आडवी दिशा. उद्या ग्राफिक्स प्रोसेसरला वेगळा क्रम मानवला, तर हजारो ठिकाणी बदल. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्यानं २०१६ मध्ये आपला रोजचा अंदाज ग्राफिक्स प्रोसेसरवर नेला, तेव्हा मॉडेलचा गाभा सी प्लस प्लसमध्ये नव्यानं लिहावा लागला होता. सँडियाच्याच कोकोस या साधनात हा धडा उतरलाय. तिथं अ‍ॅरे हाच एक ऑब्जेक्ट आहे, आणि आकडे आडवे मांडायचे की उभे, हे एका जागी ठरतं. लूप लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. राखणदार पुन्हा समूहाचाच.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आज मी असं सांगेन. बाळा, नामं शोधू नकोस, आधी लूप शोध. सगळ्यात जास्त वेळ कुठल्या लूपमध्ये जातो, आणि तो लूप कुठले आकडे मागतो, हे कागदावर लिही. जे आकडे एकत्र मागितले जातात ते शेजारी ठेव. मग त्या रांगांभोवती एक क्लास बांध: कणसमूह. कण घालणं, काढणं, क्रम लावणं, दुसऱ्या प्रोसेसरकडे पाठवणं, हे फक्त त्याच्यामार्फत. रांग नवी आली तर ती नोंदवल्याशिवाय वापरताच येऊ नये, अशी सोय कर. प्रकार वेगवेगळे असतील तर प्रत्येक प्रकाराचा समूह वेगळा ठेव, आणि "तू कोण?" हे समूहाला विचार, कणाला नको. आणि चाचणीत सगळे कण सारखे घेऊ नकोस. सारख्या कणांत अदलाबदल दिसत नाही. हे शेवटचं वाक्य मला तीन महिन्यांना पडलंय, तुम्हाला फुकट देते.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: मॅडम, मी पायथॉनमध्ये काम करतो. तिथंही हेच?

जास्तच. नेहमीच्या पायथॉनमध्ये एक दशांश आकडा हाच २४ बाइटचा ऑब्जेक्ट असतो, आणि यादीत त्याचा ८ बाइटचा पत्ता वेगळा. म्हणून तर २००६ पासून सगळे नमपायकडे गेले. नमपायचा अ‍ॅरे म्हणजे बाहेरून एक ऑब्जेक्ट, आतून साधी रांग. आज मी जे सांगितलं, ते तुम्ही नकळत रोज वापरताच.

प्रश्न: माझे कण फक्त ५०० आहेत.

मग निवांत तुमची चौकट वापरा! ५०० गुणिले ६४ म्हणजे ३२,००० बाइट. बऱ्याच प्रोसेसरांच्या पहिल्या कॅशेत एवढे मावतात. सगळ्या थाळ्या ओट्यावरच असतील, तर मीठ कसंही वाढा. पण मोजून ठरवा, माझ्यावर विश्वास ठेवून नको.

प्रश्न: मुलाखतीत मात्र क्लास कसा काढता हेच विचारतात.

(हशा) काढा की. फक्त चौकटीवर नाव लिहिण्याआधी त्यांनाच विचारा, "साहेब, हे किती असणार आहेत?" दहा असतील तर एक चित्र निघेल, दहा लाख असतील तर दुसरं. हा प्रश्न विचारणारा उमेदवार मी तरी परत पाठवणार नाही.

तो चौकटवाला विद्यार्थी आज आलाय का? … आलाय, मागे बसलाय. वही घेऊन चहाला भेट. मागच्या वेळी घाई केली होती, आज करणार नाही.